चवथीला गोळी बंद केली, तिसऱ्या दिवशी घुमटाची थाप सहन होईना

माटोळी

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. आज लिहितेय, कारण घरात विचारायची सोय नाही.

२०२१ मध्ये बाबा गेले. त्यानंतर काही महिन्यांनी वर्गात शिकवता शिकवता छातीत धडधड, बोटं बधिर, आता आपण मरतोच असं व्हायला लागलं. ईसीजी, इको सगळं नॉर्मल. शेवटी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेले. सकाळी एस्सिटालोप्रॅम १० आणि रात्री क्लोनाझेपाम ०.५. दोन महिन्यांत मी माणसात आले. रात्रीची गोळी थोडेच आठवडे घ्यायची होती. पण बरं वाटतंय म्हणून मी डॉक्टरांकडे जाणंच सोडलं आणि जुन्या चिठ्ठीवर दोन्ही गोळ्या तीन वर्षं चालू ठेवल्या. चूक माझीच.

आमचं मूळ घर गोव्यात सत्तरीत. पाच दिवसांचा गणपती, तीस-पस्तीस माणसं, सगळ्या बायकांच्या पर्सा एकाच पलंगावर. गेल्या चवथीला जाऊबाईंनी रुमाल शोधताना माझी स्ट्रिप बाहेर काढली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "ह्या वेड्याच्या गोळ्या गो?" म्हणून यंदा दोन्ही स्ट्रिपा फोंड्यालाच ठेवून गेले. म्हटलं, आता बरी आहे, होऊन जाऊ दे एकदा.

पहिले दोन दिवस काहीच नाही. नारळ खवले, नेवऱ्या केल्या, माटोळी (गणपतीवरचं फळापानांचं छत) बांधायला शिडीवरसुद्धा चढले. वाटलं, उगाच घेत होते इतकी वर्षं. तिसऱ्या संध्याकाळी आरती सुरू झाली. घुमट (मडक्याचं चर्मवाद्य), शामेळ, कासाळें. लहानपणापासून ऐकतेय, अंगावर आनंदाचे शहारे येतात. त्या दिवशी थाप घुमटावर पडत नव्हती, माझ्या कवटीच्या आतल्या बाजूला पडत होती. समईची ज्योत डोळ्यांत टोचत होती. उठून मागच्या पडवीत जाऊन बसले तर हातातल्या ताम्हणातली वाटी खडखडायला लागली, इतका हात कापत होता. रात्री झोप नाही, उशी घामाने भिजलेली. नजर एका बाजूने दुसरीकडे वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखा झटका. नवरा म्हणाला, दगदग झाली.

विसर्जन करून घरी आले आणि डॉक्टरांना फोन केला. यथेच्छ बोलणी खाल्ली. दोन्ही गोळ्या परत सुरू करायला सांगितल्या, पुढच्या आठवड्यात बोलावलंय. दोन दिवसांत उतार पडला.

प्रश्न असे: हा जुना आजार परत आला की गोळी सोडल्याचा त्रास होता, हे ओळखायचं कसं? इथे कोणी अशा गोळीतून पूर्ण बाहेर पडलंय का, किती दिवस लागले? आणि नातेवाइकांना काय सांगता?

काजूबी

असले प्रश्न डॉक्टरांना विचारावेत, इथे नाही.

पोदेराची सायकल

काजूबी, डॉक्टरांकडेच चालल्या आहेत त्या. शेवटपर्यंत वाचा की. तोवर इथे गप्पा मारू.

माटोळीताई, शिडीवर चढलात हे वाचून माझ्याच पोटात गोळा आला. एक दिवस उशिरा बांधली असतीत तर?

बुधवारचा बांगडा

एक दिवस उशिरा काय होतं ते मी सांगतो.

मला अल्प्राझोलाम ०.५ दिवसातून तीनदा होती, दोनेक वर्षं. एका शिबिरात गेलो, तिथे 'रसायनं सोडा' असं ऐकून हुरूप आला आणि घरी येऊन डबाच रिकामा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हापशाच्या बाजारात मासळी घ्यायला गेलो. बाईशी घासाघीस केलेली आठवते. पुढचं एकदम इस्पितळातलं छत.

मधलं बायकोकडून कळलं. फीट आली. कोणी नाकाला कांदा लावला, कोणी चप्पल हुंगवली, जीभ चावून रक्त. पण बांगड्यांची पिशवी काही सोडली नव्हती म्हणे. तिथल्या तरुण डॉक्टरने बायकोला विचारलं, "हे रोज दारू घेत होते आणि अचानक सोडली, असं काही?" ती भडकली, आमच्या घरात थेंब नाही. मग त्याने विचारलं, "मग झोपेची, टेन्शनची गोळी?" तेव्हा उलगडा झाला.

आयुष्यात आधी कधी फीट आली नव्हती. नंतरही नाही. एमआरआय स्वच्छ. वर काही महिने स्कूटर बंद, ती बायको चालवायची आणि मी मागे पिशवी धरून.

निसर्गमित्र

तरी मी सांगत असतो. ह्या गोळ्या म्हणजे विषच. मीसुद्धा घेत होतो, एका दिवसात फेकल्या, अश्वगंधा आणि ब्राह्मी सुरू केली, काही म्हणजे काही झालं नाही. सगळं मनाच्या निग्रहावर आहे.

पोदेराची सायकल

किती दिवस घेत होता?

निसर्गमित्र

बारा दिवस.

पोदेराची सायकल

😀😀 मी पण एकदा बारा मिनिटांत धूम्रपान सोडलं होतं.

भूलचूक देणेघेणे

मी निवृत्त भूलतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ नाही. पण ह्या औषधांशी माझा जन्म गेला, म्हणून थोडं लिहितो.

निसर्गमित्र, तुम्हाला काही झालं नाही यात नवल नाही आणि निग्रहही नाही. बारा दिवसांत मेंदूला सवय होण्याइतका वेळ सहसा मिळत नाही. काही आठवडे रोज घेतलं की हिशेब बदलतो, आणि वर्षानुवर्षं घेतलं की फारच बदलतो.

आपल्या खाजन शेतीचं उदाहरण घ्या. खारं पाणी आत येऊ नये म्हणून बांध असतो, मानस (पाण्याचं दार) असते, गावकरी ती राखतात. आपल्या मेंदूत गाबा नावाचं द्रव्य असं राखण करतं, उत्तेजना आवरून धरतं. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम, डायझेपाम ही सगळी एकाच कुळातली, बेन्झोडायझेपिन. ती गाबाचा जोर वाढवतात. आता समजा गावाला सरकारने मोठा पंप बसवून दिला. पाणी आपोआप उपसलं जातंय म्हटल्यावर बांधाला माती कोण घालणार? तीन वर्षांनी कोणी एका रात्रीत पंप काढून नेला तर भरतीला काय होईल? घाम, थरथर, निद्रानाश, आवाज आणि उजेड न सोसणं ही ती भरती. बांध पार फुटला की फीट, भ्रम, नसलेली माणसं दिसणं. यात जीवही जाऊ शकतो. पंप काढता येतो, पण तो थोडा थोडा कमी करत, गावाला परत माती घालायला वेळ देत.

पहिले दोन दिवस काही का झालं नाही? क्लोनाझेपाम रक्तातून अर्धं उतरायलाच साधारण ३० ते ४० तास घेतं. म्हणून ताईंचा त्रास तिसऱ्या दिवशी दिसला. अल्प्राझोलामचं तेच ११-१२ तासांत होतं, म्हणून बांगडेसाहेब दुसऱ्याच सकाळी आडवे. 'दोन दिवस झाले, काही होत नाही, म्हणजे सुटलो' हा हिशेब लांब टिकणाऱ्या गोळीत हमखास फसतो.

आजार की सोडल्याचा त्रास, हे ओळखायच्या तीन खुणा. एक, वेळ. सोडल्याचा त्रास दिवसांत येतो, मूळ आजार परतायला बहुधा आठवडे-महिने लागतात. दोन, आधी कधीच नव्हतं असं काही दिसतं का? ताईंना मुळात धडधड होती, घुमट टोचत नव्हता, वीज चमकत नव्हती. तीन, गोळी परत घेतल्यावर किती झपाट्याने उतरतं. तिन्ही खुणा इथे सोडल्याच्या त्रासाकडे बोट दाखवतात. तरी निदान त्यांचे डॉक्टरच करतील. दोन्ही एकदमही असू शकतं.

अजून एक. ताईंनी एक नाही, दोन औषधं एकदम बंद केली. तो विजेचा झटका एस्सिटालोप्रॅमच्या कुळात फार ऐकू येतो. ते कूळ वेगळं, नैराश्य-चिंतेवरच्या गोळ्यांचं, त्याने सहसा फीट येत नाही, पण चक्कर, मळमळ, चिडचिड, विचित्र स्वप्नं येतात. त्यात पॅरोक्सेटिन आणि जवळच्याच कुळातलं वेन्लाफॅक्सिन सोडताना जास्त छळतात, फ्लुओक्सेटिन हळू उतरत असल्याने कमी.

काजूबी

खाजनाचं उदाहरण ठीक, पण हल्ली पंप नसतानाही बांधाला माती कोण घालतंय? आमच्याकडची मानस गेल्या पावसात फुटली, अजून तशीच आहे.

पोदेराची सायकल

आली, गाडी पंचायतीवर आली.

भूलचूक देणेघेणे

काजूबी, तुमचा मुद्दा मान्य, उदाहरण मागे घेत नाही.

लाल रेघ

मी बार्देशात फार्मसी चालवते. माटोळीताईंचं 'जुन्या चिठ्ठीवर तीन वर्षं' वाचून आमच्याच धंद्याची लाज वाटली. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही शेड्यूल एच-१ मध्ये आहेत, २०१४ च्या मार्चपासून. चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वेगळ्या वहीत लिहायचं, वही तीन वर्षं जपायची. तरी रोज कोणीतरी काउंटरवर कुजबुजतं, "दोनच दे गो, झोप येत नाही." नाही म्हटलं की पुढच्या दुकानात जातात.

पण आता उलटी बाजू. नियम कडक झाला तसे एक वेगळेच लोक दिसायला लागले. वर्षानुवर्षं घेणारे, डॉक्टर गावी गेलेला, चिठ्ठी संपलेली. मी 'नाही' म्हणून त्यांना परत पाठवते तेव्हा मी त्यांना नेमकी ती एका रात्रीतली बंदीच देत असते. हल्ली मी विचारते, किती दिवस घेताय, शेवटची कधी घेतली. रोजची असेल तर स्वतः डॉक्टरांना फोन लावते किंवा त्याच दिवशी ओपीडीला पाठवते.

आणि कृपा करून एसआर, ईआर लिहिलेल्या गोळ्या ब्लेडने कापू नका. त्या हळूहळू सुटाव्यात अशाच बनवलेल्या असतात, कापल्या की डोस एकदम सुटतो. साधी गोळी कापता येते.

हुर्राकवाला

माझ्या मामाने गोळी सोडली आणि तिच्या जागी संध्याकाळी हुर्राक (काजूची हलकी दारू) सुरू केला. सीझनभर मस्त झोपला. मे संपला, हुर्राक संपला, आणि मग चार रात्री घरात फिरत होता. काजूची फेणी नैसर्गिक असते, असं त्याचं म्हणणं. ह. घ्या.

भूलचूक देणेघेणे

हलकं घेता येत नाही हो. दारू आणि हे औषध एकाच कुलुपाच्या दोन किल्ल्या आहेत. म्हणूनच तर दारू सोडवताना क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम देऊन उतरवतात. (त्या तरुण डॉक्टरने बांगडेसाहेबांच्या पत्नीला दारूचं विचारलं ते उगाच नव्हे.) आणि दोन्ही एकत्र घेतली तर श्वासच मंदावतो. माणूस झोपतो तो उठत नाही. मामांनी एक पंप काढून दुसरा बसवला एवढंच.

पेडण्याची लेक

माटोळीताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. होय, बाहेर पडता येतं.

आई ७४ ची. अल्प्राझोलाम ०.५ रात्री, पंधरा वर्षं. आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांनी आजोबांच्या आजारपणात दिली आणि कोणी थांबवलीच नाही. गेल्या वर्षी रात्री न्हाणीघराकडे जाताना पडली, मनगट मोडलं. तेव्हा नवीन डॉक्टर म्हणाले, म्हाताऱ्या माणसाला ही गोळी म्हणजे रात्रीचं पडणं आणि दिवसाचं विसरणं. पण एका रात्रीत काढायची नाही.

नऊ महिने लागले. ०.२५ च्या गोळ्या आणल्या. आधी दीड, मग तीन-चार आठवड्यांनी सव्वा, मग एक, असं करत. एक टप्पा जड गेला की तिथेच थांबायचो, पण मागे जायचो नाही. मी गोळी कापायची ती वर्तमानपत्र पसरून, दाढीच्या ब्लेडने. पाव करताना अर्धी भुकटी व्हायची. शेवटी लाल रेघ यांच्यासारख्याच एका बाईंनी गोळी कापायची छोटी डबी दिली. आई चष्मा लावून प्रत्येक तुकडा उजेडात धरायची आणि म्हणायची, "काल ह्यापेक्षा मोठा होता. तू मला फसवतेस." ती खरोखरच तुकड्यांची तुलना करायची हो, कालचा ठेवून द्यायची डबीत!

सगळ्यात कठीण शेवटचा पाव तुकडा. औषध म्हणून त्यात काही राहिलं नसेल असं मला वाटायचं, पण तो सोडायला तिला दोन महिने लागले. झोप आता पहिल्यासारखी सलग नाही. पहाटे तीनला उठते, देवाची भांडी घासते. पण पडली नाही, आणि भजनाचे अभंग परत पाठ म्हणायला लागली आहे.

भूलचूक देणेघेणे

तुम्ही नकळत बरंचसं शास्त्राप्रमाणे केलंत. साधारण प्रघात असा की दर दोन ते चार आठवड्यांनी चालू डोसच्या ५ ते १० टक्के कमी करायचं, आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांच्या वर कधीच नाही. कोणाला लवकर जमतं, कोणाला वर्ष लागतं. शेवटचा टप्पा जड का, तर अर्ध्यावरून पाव आणि पाववरून शून्य ह्या पायऱ्या दिसायला सारख्या, पण मेंदूला शेवटची पायरी फार खोल लागते.

हे ज्ञान आलं तेही उशिरा. ह्या कुळातली पहिली गोळी १९६० मध्ये बाजारात आली, डायझेपाम १९६३ मध्ये, आणि वीसेक वर्षं ती निर्धोक म्हणून वाटली गेली. इंग्लंडात न्यूकॅसलला हेदर ॲश्टन या प्राध्यापिकेने १९८२ पासून बारा वर्षं फक्त ह्या गोळ्या सोडवण्याचं क्लिनिक चालवलं, रुग्णांचं ऐकत ऐकत उतरणीचे तक्ते बसवले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तर अचानक सोडण्याचा धोका ठळक चौकटीत छापायला २०२० उजाडवलं.

निसर्गमित्र

म्हणजे मी म्हणालो तेच ना? विष.

पेडण्याची लेक

नाही हो. आजोबांच्या शेवटच्या दिवसांत त्या गोळीनेच आईला उभं ठेवलं. मला त्या डॉक्टरांचा राग दिल्याबद्दल नाही, विसरून गेल्याबद्दल आहे.

तारवटी

जहाजावरून लिहितोय, रेंज आहे तोवर. आमच्यात ही गोष्ट बोलत नाहीत, पण केबिनमध्ये बऱ्याच जणांकडे स्ट्रिप असते. एकदा माझं काँट्रॅक्ट सहा आठवड्यांनी वाढलं आणि माझ्याकडे प्रोप्रानोलोल संपली. ही वरच्या कुळातली नाही, धडधडीची. तीही झटकन बंद करायची नसते हे मला माहीत नव्हतं. नाडी १३० वर, जहाजावरच्या डॉक्टरला वाटलं हार्ट अटॅक.

तारवट्यांनो, वाढीव दिवसांचा हिशेब धरून गोळ्या न्या, मूळ पाकिटात, चिठ्ठी सोबत. आणि दुबईत उतरणार असाल तर अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम तिथे नियंत्रित औषधं आहेत, आधी ऑनलाइन परवानगी काढावी लागते. विमानतळावर 'आईची आहे' चालत नाही.

काजूबी

अवांतर: नेवऱ्या म्हणजे करंज्याच ना?

माटोळी

काजूबी, सासूबाईंसमोर हे म्हणू नका. नेवरीत चून (सारण) वेगळं, काठ हाताने मुरडलेला. (हे लिहिताना हात स्थिर आहे हे आत्ता लक्षात आलं!)

अनामिक फोंडेकर

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. मला बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत नाव नोंदवायला जायचं होतं तेव्हा मी घरी 'जीएमसीत (मेडिकल कॉलेजात) डोळे दाखवायला जातो' असं सांगितलं. दोन्ही बांबोळीतच, त्यामुळे बस तीच. दोन वर्षं माझे डोळे तपासताहेत असं घरात सगळ्यांना वाटतं. चष्मा अजून का लागला नाही, हा प्रश्न आईला पडलाय.

रात्री-अपरात्री कोणाशी बोलायचं असेल तर टेली-मानस, १४४१६. चोवीस तास चालू. मी लावलाय. गोळी सोडायची की नाही हे ते सांगणार नाहीत, पण रात्री दोनला डबा कचऱ्यात टाकायला निघालेल्या माणसाला सकाळपर्यंत थांबवतात.

बुधवारचा बांगडा

आणि कोणाला फीट आली, बडबडायला लागला, नसलेलं दिसायला लागलं तर १०८. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. कांदा जेवणात ठेवा.

माटोळी

सगळ्यांना देव बरें करो. दिवाळी झाली, म्हणून धागा वर काढतेय.

डॉक्टरांनी एस्सिटालोप्रॅमला हातही लावला नाही, म्हणाले एका वेळी एकच. क्लोनाझेपाम ०.५ च्या जागी एक पूर्ण ०.२५ आणि वर दुसरीचा पाऊण तुकडा. चार आठवडे. पहिले पाच-सहा दिवस झोप उडाली, मग बसली. आता दुसरीचा अर्धा तुकडा. पुढचं त्यांनी कॅलेंडरवर लिहून दिलंय, शेवट पुढच्या चवथीच्याही पुढे जातो. आधी वाईट वाटलं, आता चालतंय. पेडण्याची लेक, ती कापायची डबी मी पण घेतली. भुकटी उरते ती मीही जपून ठेवते, का ते विचारू नका.

नरकासुराच्या रात्री आमच्या वाड्यावर डीजे पहाटे चारपर्यंत. खिडकीच्या काचा थरथरत होत्या. मी मुद्दाम हात पुढे धरून बघितला, तो थरथरत नव्हता. डोकं दुखलं, पण ते पूर्ण वाड्याचंच दुखलं.

घरचं सांगायचं तर नवऱ्याने सासूबाईंना सांगून टाकलं. त्यांना 'बीपीसारखीच, मध्येच सोडली तर उलटते' एवढंच कळलं. भाऊबिजेला सगळे जमलो होतो, पंगत बसलेली, आणि त्यांनी पलीकडच्या टोकावरून जोरात विचारलं, "गो, तुझी गोळी घेतलीस? मध्ये सोडायची नसते म्हणे!" जाऊबाई वाढता वाढता थांबल्या. मी म्हटलं, ती रात्रीची असते.

पोदेराची सायकल

गुप्तता गेली, पण अलार्म फुकट मिळाला.

लाल रेघ

ताई, पुढच्या चवथीला आम्ही दोन दिवस बंद असतो. स्ट्रिप आधीच घेऊन ठेवा, आणि सत्तरीला जाताना पर्समध्येच राहू द्या.